बंडीवरचं वायलीन

अमरावतीत मला लोक गायक म्हणून ओळखतात आणि अकोल्यात वायलीनवाला म्हणून. मी दोन्हीकडं दोन्ही कामं एकाच वेळी करत होतो, पण अमरावतीच्या सभागृहांत माईक गळ्यासमोर लावत आणि अकोल्यात वायलीनसमोर, एवढाच काय तो फरक. या अंकाच्या संपादकांनी विचारलं, "तुमच्या दोन तबकड्या निघाल्या होत्या म्हणे. त्यांच्याबद्दल लिहा ना." तबकड्यांबद्दल लिहायला अर्धं पान पुरे. बाकीची पानं मी त्या तबकड्यांपर्यंत मला ज्यांनी ढकलत नेलं त्यांच्यासाठी वापरणार आहे, आणि त्यांतले निम्मे लोक मला नको नको म्हणत होते.

आधी वायलीनबद्दल थोडं सांगतो, कारण नातवाच्या मित्रांना ते सतारीचं पिल्लू वाटतं. चार तारा, त्या उचलून धरणारी लाकडाची घोडी, आणि हातात गज. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. त्या केसांना राळ घासल्याशिवाय तारेतून हूं की चूं निघत नाही. हे वाद्य थंड देशातलं. त्याला अकोल्याचा मे महिना कुणी दाखवायलाच नको होता. राळ मऊ पडते, गज तारेला चिकटतो, डिंकानं जोडलेले सांधे उकलतात. आणि लग्नसराई नेमकी त्याच दिवसांत. मी पेटीत जिनिंगमधला स्वच्छ कापूस कोंबायचो आणि कुणाच्याही घरी पोचलो की पहिल्यांदा विचारायचो, "पाण्याचे रांजण कुठं आहेत?" रांजणाशेजारच्या ओल्या गारव्यात पेटी ठेवायची. एका लग्नात नवरीच्या मावशीनं पेटीवर आंब्यांच्या तीन पाट्या रचल्या. मी ओरडलो तर म्हणाली, "मले वाटलं पाटच हाये, बापू. आंबे गोड हायेत, खाऊन पाय."

वायलीन मी शिकलो बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरांत. कुटिन्हो मास्तर तिथं गार्ड होते, गोव्याचे. मी अमरावतीला वसतिगृहात राहून शिकत होतो. रविवारी सायकल मारत बडनेऱ्याला जायचो. मास्तरांना कागदावरचे इंग्रजी पद्धतीचे सूर वाचता येत, मला येत नसत. मला कानानं ऐकून उचलता येई, त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "बाबू, तू चोर आहेस," ते म्हणायचे, "पण चांगला चोर." फी म्हणून त्यांनी कधी काही घेतलं नाही. गाडी घेऊन भुसावळला जायच्या दिवशी माझ्याकडून आपल्या कोंबड्यांना दाणे टाकून घ्यायचे.

आता बाबांबद्दल. माझे वडील सनई वाजवायचे. पातूर आणि बाळापूरच्या बाजूला त्यांच्याशिवाय मोठ्या घरचं लग्न लागत नसे. पण लग्नात त्यांची जागा मांडवाच्या बाहेर. उन्हात उभं राहून वाजवायचं, आणि सगळ्या पंगती उठल्यावर उरलंसुरलं जेवायचं. आमच्या जातीला ते कामच लावून दिलेलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन साली आमच्या घरानं आणि वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच आठवड्यात बाबांनी सनईच्या तोंडाची पत्ती काढून चुलीत घातली. पत्तीशिवाय सनई म्हणजे नुसती लाकडाची नळी. ती आईनं चूल फुंकायला वापरली, आणि त्यांनी वापरू दिली. स्वतः विहिरींच्या बांधकामावर गवंडी म्हणून जायला लागले.

त्या सुटीत मी वायलीनची पेटी घेऊन घरी गेलो. बाबांनी पेटीकडं पाहिलं.

"वाजवनं सोडलं म्हंजे सोडलं," ते म्हणाले. "आमी सोडून राहिलो अन् तू धरून राहिला? काहून?"

"बाबा, हे वायलीन हाये. हे कोनी कोनाच्या दारात उभं राहून नाई वाजवत."

"तुले उभं करतीन तवा समजीन."

तिसऱ्या दिवशी हातपाय धुता धुता म्हणाले, "वाजवाचं असंन तं बसून वाजव. मांडवाच्या आत. अन् मले आयकाले बोलावजो नोको."

पहिल्या दोन अटी मी आनंदानं मान्य केल्या. तिसरी मला लागली. पुढं वीस वर्षं मी दोन जिल्ह्यांत वाजवत हिंडलो, टाळ्या घेतल्या, हार घेतले, पण आत एकच हाव होती की या माणसानं मला एकदा ऐकावं. त्यांच्याइतका तयार कान मला दुसरा माहीत नव्हता. तो कान त्यांनी मिटून घेतला होता, आणि तो उघड म्हणायचा मला हक्क नव्हता.

कुटिन्हो मास्तरांना बसून वाजवणं पसंत पडेना. त्यांच्याकडं वायलीन म्हणजे ताठ उभं राहून हनुवटीखाली धरायचं. मी मांडी घालून बसलो, वायलीनचं बूड छातीला टेकवलं आणि त्याची मान पायाच्या घोट्यावर ठेवली. दक्षिणेत असंच वाजवतात हे मला खूप उशिरा कळलं; मी आपला माझ्या अटीपायी तिथं पोचलो होतो. मास्तर म्हणाले, "हे वायलीन नाही, हे तू पाळण्यात घातलेलं पोर आहे."

पण त्या बसण्यानं माझं भलं केलं. आमची पार्टी तेव्हा चौघांची: मी, ढोलकीला अकोल्याचे रहीमभाई, हार्मोनियमला एक पेटीवाले आणि एक गायक. अमरावतीच्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला गायक अकोल्याहून निघाला, चहा प्यायला मूर्तिजापूरला उतरला आणि गाडी त्याला सोडून निघून गेली. इकडं पोरं बाकं वाजवायला लागली. रहीमभाई म्हणाले, "तुमीच गा ना भाऊ. तोंड तं मोकळंच हाये तुमचं." खरंच मोकळं होतं. वायलीन हनुवटीखाली दाबलेलं असतं तर गळ्यातून बकरीसारखा आवाज निघाला असता. बसल्यामुळं गळा सुटा, हात सुटे. मी गायलो. दम संपला की गज पुढं काढायचा आणि तेवढ्यात श्वास भरून घ्यायचा, ही लबाडी मला पहिल्याच दिवशी सापडली. गजाला श्वास लागत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, गाण्यातून वायलीन कसं अलगद वर आलं. तो गायक दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याची नोकरी गेलेली होती. पुढं तो एस्टीत कंडक्टर झाला आणि मला नेहमी खिडकीची जागा देत असे.

अकोटच्या वाटेवर एक गाव आहे. तिथल्या पाटलांच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं. भर उन्हातली वरात. आम्ही पोचलो तर नवरीचे मामा पुढं आले. मोठ्या मिशा, हातात पानाचा डबा.

"चला, वरातीच्या पुढं उभे व्हा. वाजवत वाजवत मारुतीपासून मांडवापर्यंत यायचं."

"आमी बसून वाजवतो," मी म्हटलं.

"वरातीत कोन बसते, भाऊ? वरात चालते."

"तुमी चाला. आमी बसतो."

मामांनी माझ्याकडं निरखून पाहिलं आणि नाव-गाव विचारलं. मी सांगितलं. ते हसले. "अरे, तू त्या सनईवाल्याचा काय? तुहा बाप तं आमच्याकडे उभ्यानंच वाजवत होता. चार चार घंटे."

"म्हणूनच मी बसून वाजवतो," मी म्हटलं.

रहीमभाईंनी माझा सदरा मागून ओढला. पेटीवाले परत जायच्या बसची वेळ आठवू लागले. मी घाबरलो नव्हतो असं नाही. गाव त्यांचं, माणसं त्यांची, आणि नवरदेव घोड्यावर बसून घामानं निथळत होता. शेवटी खुद्द पाटील आले. काय भानगड आहे ते त्यांनी दोन्ही बाजूंनी ऐकलं. मग गड्याला म्हणाले, "बंडी जुंप. सतरंजी टाक. यायले बंडीवर बसवा अन् नवरदेवाच्या पुढं लावा. लगन लावाचं हाये का भांडन?"

तर वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात. आम्ही तिघे बंडीवर मांड्या घालून बसलो. बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा. बैल चालले तसे घुंगरू वाजू लागले आणि आमच्या ध्यानात आलं की आज ताल रहीमभाईंच्या हातात नाही. बैल जी लय धरतील ती आमची. चढ आला की लय पडायची, उतार आला की धावायची. चाक खड्ड्यात गेलं की माझा गज तारेवर थरथरायचा आणि लोकांना वाटायचं ही काहीतरी खास करामत. मारुतीपासून मांडवापर्यंत एकच गाणं पुरवायचं होतं, तेव्हा मी सुचेल ते जोडत गेलो. नवरी माहेरून निघते, नदी लागते, आमराई लागते, सासर दिसतं. मधेच बैल थांबले तेव्हा मीही थांबलो आणि गायलो, "थांब घडीभर ढवळ्या, माय उभी कुंपणाला." बायकांच्या घोळक्यात पदर डोळ्यांना गेले. मामा स्वतः बंडीशेजारून पायी चालत होते आणि मला पाण्याचा तांब्या वर देत होते. जेवायला आम्हाला पहिल्या पंगतीत बसवलं. वाढायला मामाच होते, आणि त्यांनी माझ्या पानात बळजबरीनं चौथी पुरणपोळी घातली.

येताना मला एकच घोर लागला होता. बंडी म्हणजे मांडवाच्या आत की बाहेर? रहीमभाई म्हणाले, "भाऊ, नवरदेव मागं, आपन पुढं. मांडव चालत आपल्या मागं आला. अजून काय पाह्यजे?" ही गोष्ट आमच्या आधी माझ्या गावी, पातूरला पोचली. मी घरी गेलो तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "बैल कोनाचे होते?"

"पाटलाचे."

"हं," ते म्हणाले आणि भाकरी मोडली. मला वाटतं त्या दिवशी त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

त्या वरातीतल्या गाण्याचं आम्ही पुढं रीतसर गाणं केलं. अठरा मिनिटांचं. तेव्हा लोकांना तीन मिनिटांच्या गाण्यांची सवय होती. पहिल्या पहिल्यांदा अमरावतीत माणसं मध्येच उठून पानाच्या टपरीवर जात आणि परत येऊन विचारत, "नदी झाली का?" पण हळूहळू त्याच गाण्याची फर्माईश यायला लागली. त्यात आम्ही जे जमेल ते घातलं होतं. मास्तरांकडून चोरलेला एक गोव्याचा तुकडा, रहीमभाईंनी कव्वालीतून आणलेला ठेका, जात्यावरच्या ओव्यांची चाल. पायाला खरी घुंगुरमाळ बांधून रहीमभाई बैल होत. अकोल्यातल्या एका जाणकारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे ना शास्त्रीय, ना सुगम, ना लोकसंगीत. मी म्हटलं, साहेब, बंडीत सगळंच भरतात.

अकोल्यात शिवणयंत्रं आणि ग्रामोफोन विकणारे एक दुकानदार होते. त्यांनी मुंबईच्या एका कंपनीला चिठ्ठी लिहिली आणि आम्हाला बोलावणं आलं. तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटं. दोन बाजू मिळून साडेसहा. अठरातून साडेअकरा मिनिटं कापायची होती. आम्ही पॅसेंजरच्या डब्यात बसून कापाकापी केली. मला आमराई सोडवेना, पेटीवाल्यांना त्यांचा तुकडा सोडवेना. रहीमभाई म्हणाले, "नदी काढून टाका. उन्हाळ्यात तशीबी कोरडीच असते." नदी गेली. पहिल्या बाजूला बंडी निघते आणि तबकडी उलटली की पोचलेली असते. मधला रस्ता कुठंच नाही. तो कुणी टेपवर तरी धरून ठेवायला हवा होता, याची हळहळ मला अजून आहे. आज त्या मधल्या भागातलं निम्मं मलाच आठवत नाही.

मुंबईच्या त्या बंद खोलीत एकच माईक होता, माणसाच्या तोंडाइतका उंच. रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ म्हणाले, "या, इथं उभे राहा."

मी म्हटलं, "मी बसून गातो."

"इथं सगळे उभे राहतात. मोठमोठे उभे राहिलेत."

तिथं कुठला मांडव नव्हता, कुणाचं दार नव्हतं, आणि पातूरला कुणाला कळणारही नव्हतं. एवढ्या लांब येऊन पाच मिनिटं उभं राहायला काय हरकत होती, असं आज कुणीही विचारील. मी तेव्हाही स्वतःला विचारलं. पाय हलले नाहीत. ते गृहस्थ घड्याळाकडं पाहू लागले. रहीमभाईंनी तोंड उघडलं. "साहेब, हे उभे राहिले की यांचा सूर उतरतो. डॉक्टरला दाखवून झालं. घराण्याचाच आजार हाये." गृहस्थांनी माझ्याकडं कीव येऊन पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि माईकची दांडी खाली केली.

पहिल्या वेळी घुंगरं इतकी मोठी आली की काचेपलीकडचा माणूस दचकला. दुसऱ्या वेळी पेटीवाले शिंकले. तिसऱ्या वेळी सगळं जमलं, पण शेवटच्या कडव्यात माझा दम तुटला. ती ओळ लांब होती, एका श्वासात जायला हवी होती. मी नेहमीची लबाडी केली, गज पुढं काढला आणि खाली श्वास भरला. गृहस्थांनी अंगठा वर केला. "वा, तिथं वायलीन काय सुंदर येतं हो." मास्तरांनी बडनेऱ्याला तबकडी ऐकून नेमक्या त्याच जागेवर मान डोलावली. म्हणजे त्यांनाही कळलं नव्हतं. मी खूश झालो.

पातूरच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात ग्रामोफोन होता आणि बाहेर भोंगा. मी एक तबकडी हॉटेलवाल्यांना दिली. घरी दिली नाही. घरी वाजवणार कशावर, आणि बोलावू नको म्हटल्यावर ऐकवणं म्हणजे बोलावणंच. पुढं तीन-चार महिन्यांनी मी घरी चाललो होतो. हॉटेलवाल्यांनी मला थांबवलं.

"तुमचे वडील बजारच्या दिवशी येतात गा. दोन कप चहा पितात. पह्यले कधी उंबरा नव्हते चढत. काई मांगत नाईत, काई बोलत नाईत. मी तुमची तबकडी दोन्हीकडून लावतो. संपली का उठतात."

मी तसाच घरी गेलो. बाबा अंगणात चप्पल शिवत बसले होते. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं, वर न पाहता, तेच म्हणाले, "आखरीच्या कडव्यात दम कुठी गेलता तुहा?"

"गज घालून झाकला. लोकायले नाई समजत. मले समजते."

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. चूक पकडली म्हणून कुणाला एवढा आनंद झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्यांनी शिवण बाजूला ठेवली, परसातल्या पपईचं एक लांब पान तोडलं, त्याच्या पोकळ देठाची नळी केली आणि तांब्यात पाणी भरून आणलं. नळीचं एक टोक पाण्यात, दुसरं तोंडात. पाण्यात बुडबुडे यायला लागले. मी पाहत राहिलो. गाल फुगलेले, नाकपुड्या हलतात, आणि बुडबुडे थांबतच नाहीत. नाकानं श्वास आत जातो आहे आणि तोंडानं बाहेर येतोच आहे. आई चुलीपासून उठून दारात आली. सनईवाले असंच शिकतात. सनईत दम तुटला तर सूर तुटतो, आणि तिथं झाकायला गज नसतो.

"आता तू," ते म्हणाले. मी चार बुडबुड्यांत हरलो. ते हसले. छप्पन सालानंतर गाण्या-वाजवण्याच्या गोष्टीवर ते पहिल्यांदा हसले असतील.

गाताना नाकातोंडानं एकाच वेळी असा खेळ करता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मले म्हाईत हाये. पन पोट तं तेच हाये ना." दम पोटात कुठं साठवायचा, ओळीच्या सुरुवातीला किती कमी खर्चायचा, कुठल्या अक्षरावर हात आखडता घ्यायचा, हे सगळं त्यांनी मला तांब्या आणि पपईच्या देठावर शिकवलं. मी वर्षभर जमेल तेव्हा पातूरला जात राहिलो. रहीमभाई म्हणत, "भाऊ, पपईचं झाड तरी शिल्लक ठेवा."

दुसरी तबकडी निघाली तोपर्यंत मास्तरांची बदली झाली होती. त्यांना ती ऐकवता आली नाही. त्या तबकडीतही शेवटी एक लांब ओळ मुद्दाम ठेवली होती. ती मी एका दमात गायलो. गज मांडीवर आडवा ठेवून गायलो. काचेपलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "इथं वायलीन नको का? मागच्या वेळी छान आलं होतं." मी म्हटलं, या वेळी नको.

बाजाराच्या दिवशी मी स्वतः ती पातूरला घेऊन गेलो. हॉटेलात दुपारची गर्दी. बाबा भिंतीजवळच्या बाकावर बसलेले, समोर चहा. मी दारातच थांबलो, आत गेलो नाही. हॉटेलवाल्यांनी तबकडी लावली. बाजारातली माणसं भोंग्याखाली रेंगाळली. शेवटची ओळ आली. बाबांनी कप बाकावर ठेवला, आणि ओळ संपेपर्यंत त्यांचा हात पोटावर होता. ओळ संपली. शेजारी बसलेल्या अनोळखी शेतकऱ्यानं विचारलं, "कोन गाते हो हा?"

बाबांनी आधी चहा संपवला.

"आवाज माह्या पोराचा हाये," ते म्हणाले. "दम माहा हाये."